रिकामी काळजं

शिवपुत्र बिराजदार सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात मेलेली वटवाघळं गोळा करायचा. वनखात्याची परवानगी होती. हातमोजे, मास्क आणि बर्फाचा डबा गाडीच्या डिकीत कायम असायचा. कुठे विजेच्या तारेला चिकटून, कुठे बागेवरच्या जाळीत अडकून वटवाघूळ मेलं की शेतकरी त्याला फोन करायचे. तो जाऊन ते घेऊन यायचा आणि प्रयोगशाळेत त्याचं यकृत, मूत्रपिंड, हृदय वेगळं काढून कशात कोणतं जीवनसत्त्व किती आहे ते मोजायचा. किडे खाणाऱ्या वाघळांत किती, फळं खाणाऱ्यांत किती, आणि खाणं बदललं की आत काय बदलतं, एवढाच त्याचा विषय. जिवंत वटवाघळाला त्याने कधी इजा केली नव्हती. अक्कलकोटला आईला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरगा मुलांना शिकवतो, एवढंच ती शेजारणींना सांगायची.

फेब्रुवारीत एका सकाळी सांगोला तालुक्यातल्या करंजओढ्याहून गुंडा गडदेचा फोन आला. गुंडाची चार एकर डाळिंबाची बाग होती आणि आधी दोनदा त्याने जाळीत मेलेली वाघळं शिवपुत्रला दिली होती.

"सर, येताय का? वागळं हायेत."

"किती मेलीत?"

"मेलेली थोडी. बाकीची जित्ती हायेत." गुंडा म्हणाला. "ती चालत्यात, सर."

"चालतात म्हणजे?"

"जमिनीवरनं. तुमी या अन् बघा. मला फोनवर सांगता येईना."

शिवपुत्र दुपारी निघाला आणि उन्हं उतरायच्या आत पोचला. करंजओढा म्हणजे साठ-सत्तर घरांची धनगरांची वस्ती. एका अंगाला बिरोबाचं देऊळ, देवळामागे चिंचेची तीन जुनी झाडं, आणि त्या झाडांवर उलटी लटकलेली तीन-चारशे मोठी फळवाघळं. पिढ्यान् पिढ्या ती तिथेच होती. वस्तीतलं कुणी त्यांना दगड मारत नसे.

गुंडा त्याला चिंचेखाली घेऊन गेला. गुंडाची बायको सोनम आधीच तिथे उभी होती. ती गावची आशाताई होती, तापाची, लसीची, बाळंतिणींची नोंद ठेवणारी, आणि बोलायला गुंडापेक्षा मोकळी.

"आता दहा मिंटात बघा," गुंडा म्हणाला.

सूर्य टेकडीआड गेला. एरवी अशा वेळी झाडावर कलकलाट होतो, मग एकेक करून सगळी उडतात आणि आभाळ काळं होतं. शिवपुत्रने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या संध्याकाळी आवाज झालाच नाही. थोडी उडाली. बाकीच्यांनी पंख उघडले आणि तसेच उघडे धरून थरथरत राहिली. मग त्यातलं एक खाली पडलं. दोरीवरून ओलं धोतर घसरावं तसा आवाज आला. मग दुसरं. मग एकदम पाच-सहा.

पडलेली वाघळं मेली नव्हती. थोडा वेळ ती पालथी पडून राहिली. मग अंगठ्याचे आकडे मातीत रोवून, पंख काठीसारखे टेकत ती पुढे सरकू लागली. डोकं वर, डोळे उघडे. शिवपुत्रच्या लक्षात आलं की सगळी एकाच दिशेला निघाली आहेत. मध्ये त्याचे बूट आले तेव्हा एकाने त्यांना वळसा घातला आणि पुन्हा तीच वाट धरली.

"कुठे चाललीत?"

"वड्याला," सोनम म्हणाली.

ओढा तिथून दोनशे पावलांवर होता. काठावर झाड नव्हतं, झुडूप नव्हतं, पलीकडे नुसता रुंद डांबरी रस्ता. जी वाघळं उडाली होती ती त्या मोकळ्या काठावर घिरट्या घालत होती. शिवपुत्र बघत राहिला. एक वाघूळ खाली आलं, हवेतच पंख पसरून त्याने वेग मारला, पाय पुढे केले आणि फांदी धरायला बोटं मिटली. तिथे काही नव्हतं. ते कोसळलं, जमिनीपासून हातभर वर सावरलं आणि पुन्हा वर जाऊन त्याच जागी आलं. पुन्हा पाय पुढे केले. त्याच्या शेजारी दुसरं तसंच करत होतं, थोडं वरच्या अंगाला. कुठे बुंधा असेल, कुठे फांद्या असतील, हे त्यांच्या उडण्यावरून हुबेहूब कळत होतं.

"तितं उंबरं हुती," गुंडा म्हणाला. "सतरा. रस्ता रुंद केला तवा तोडली. पाच वर्सं झाली."

"पाच वर्षं ती अशीच येतात इथे?"

"न्हाय की. यंदाच. संक्रांतीपसनं."

मागून पावलांचा आवाज आला म्हणून शिवपुत्रने वळून पाहिलं.

एक म्हातारी देवळाकडून येत होती. पांढरे केस मोकळे, लुगडं अंजिरी, पिवळट पडलेला चेहरा. ती पाय फाकवून चालत होती आणि प्रत्येक पाऊल मातीवर आपटत होती, जमीन आहे की नाही हे तपासत असल्यासारखी. हात अंगापासून दूर धरलेले. नजर स्वतःच्या पायांवर. तिच्या दोन्ही बाजूंनी वाघळं सरपटत होती आणि ती त्यांच्याच गतीने चालली होती. मागे दहा-वीस माणसं अंतर ठेवून, पायातलं काढून हातात घेऊन येत होती.

"आमची आत्या," गुंडा हळू आवाजात म्हणाला. "मायाक्का."

ओढ्याच्या काठावर मायाक्का थांबली. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि ती डोलू लागली. आधी थोडी, मग जोरात, आणि मग ताठच्या ताठ मागे पडली. सोनमने धावत जाऊन तिला धरलं. लोक खाली वाकले. "आली," कुणीतरी पुटपुटलं. देवी अंगात आली, असं त्याचं म्हणणं होतं.

डोळे उघडल्यावर मायाक्काची नजर पहिल्यांदा शिवपुत्रवर गेली. त्याच्या हातात बर्फाचा डबा होता.

"तू काळजं काढतोस व्हय?"

"मेलेल्यांची," तो म्हणाला.

"काढ. पर तुला काय घावायचं न्हाय. रिकामी हायेत. लक्षी सांगती मला. झाडावरनं बोलती ती, ह्यांच्या तोंडातनं. म्हणती, आये, आमची काळजं रिकामी झाली."

अंधार पडायच्या आत शिवपुत्रने नऊ मेलेली वाघळं डब्यात भरली.

निघण्याआधी सोनमने त्याला घरात बसवून चहा दिला आणि लक्षी कोण ते सांगितलं. मायाक्काचा नवरा लवकर गेला. लक्षी ही एकुलती एक लेक. बावीस वर्षांपूर्वी, अकरा वर्षांची असताना, ती ओढ्याकाठी पडलेली उंबरं वेचत होती आणि तिला साप चावला. सांगोल्याला नेईपर्यंत ती राहिली नाही. त्या दिवसापासून मायाक्काने जमिनीतलं काही खाल्लं नाही. ज्या जमिनीतून साप आला तिचं अन्न नको. ज्वारी नाही, गहू नाही, कांदा नाही, भुईमूग नाही. शेळ्या-मेंढ्या जमिनीवर चरतात म्हणून दूध नाही आणि मटणही नाही. फक्त झाडाचं. शेवग्याच्या शेंगा आणि पाला, खोबरं, चिंच, बोरं, डाळिंब.

"अन् आता लोक त्यांना देवाचं मानतात," सोनम म्हणाली. "वर्षभर झालं. डोळे मिटले की अंगात येतं. रात्रभर झोपत न्हाईत, लक्षीशी बोलत बसतात. मला भ्या वाटतं सर. तुमी शिकलेले हाय म्हणून सांगते."

सोलापुरात परत आल्यावर शिवपुत्रने आठवडाभर दुसरं काही केलं नाही. नऊ यकृतं, अठरा मूत्रपिंडं, नऊ हृदयं. तुलनेला करमाळ्याकडच्या एका मळ्यातून आधी आणलेली, त्याच जातीची सात वाघळं होती. ती वडाची, उंबराची, पेरूची फळं खाणारी. ए जीवनसत्त्व दोन्हींत भरपूर निघालं. ई तर करंजओढ्याच्या वाघळांत जास्तच होतं. मग त्याने बी-बारा मोजलं.

करमाळ्याच्या यकृतांत ते जसं असायला हवं तसं होतं. करंजओढ्याच्या नऊही यकृतांत जवळजवळ नव्हतंच. त्याला वाटलं यंत्र बिघडलं. त्याने नवं द्रावण बनवून पुन्हा मोजलं. मूत्रपिंडात बघितलं, हृदयात बघितलं. तिथेही तेच. चौथ्यांदा तोच आकडा आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती, आणि शिवपुत्रच्या कानात त्या म्हातारीचा आवाज स्पष्ट आला. रिकामी हायेत.

मग त्याने जुने शोधनिबंध काढले. पिंजऱ्यातल्या फळवाघळांना कुणीतरी स्वच्छ धुतलेली फळं खायला दिली होती. काही महिन्यांत त्यांना उडता येईनासं झालं. कारण साधं होतं. बी-बारा झाडात नसतं, फळात नसतं. ते फक्त सूक्ष्म जंतू बनवतात आणि ते किड्या-प्राण्यांच्या अंगात साठतं. रानातलं वाघूळ फळाबरोबर फळातले किडे खातं, म्हणून त्याचं भागतं. आणि उंबर फोडून पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की आत किडे असतातच.

करंजओढ्याची सतरा उंबरं पाच वर्षांपूर्वी गेली होती. रस्त्यापलीकडच्या, उंबरासारखीच किडकी फळं देणाऱ्या पिंपरणीच्या झाडांवर वाघळांनी चार वर्षं काढली. गेल्या वर्षी तीही तुटली. उरली डाळिंबं. फवारणी केलेली, कापडाखाली वाढलेली, एक अळी नसलेली. गुंडा आणि त्याचे शेजारी डागी फळं बांधावर टाकत आणि वाघळं ती खात. आतला साठा संपला तशा त्यांच्या नसा गेल्या. आपले पाय फांदीला धरून आहेत की सुटले हेच त्यांना कळेनासं झालं.

शिवपुत्रने माणसांत हे कसं दिसतं तेही वाचून काढलं. पायाखालची जमीन कळत नाही. डोळे मिटले की तोल जातो. झोप उडते. आवाज ऐकू येतात. वाचता वाचता तो थांबला आणि त्याने सोनमला फोन लावला.

"सोनमताई, आक्का उंबर खायच्या का कधी?"

"खायच्या की. तेच तर खायच्या. पदरात भरून आणायच्या वड्यावरनं."

"धुऊन?"

"कुटलं धुऊन. फोडायचं, फुंकर मारायची अन् तोंडात टाकायचं. लक्षीनं येचलेलं फळ म्हणायच्या."

"आणि पाणी?"

"आधी वड्याच्या झऱ्याचं प्यायच्या. झरा रस्त्याखाली गेला. आता जारचं देतो आमी."

"माणसाच्या यकृतात हा साठा चार-पाच वर्षं पुरतो," तो म्हणाला. स्वतःलाच सांगत असल्यासारखा. मग म्हणाला, "त्यांची जीभ बघाल का जरा?"

पंधरा मिनिटांनी सोनमचा फोन आला. "लाल हाय सर. गुळगुळीत. सोललेल्या मटनासारखी." मग ती म्हणाली, "मी आशाताई असून माझ्या ध्यानात आलं न्हाय."

शिवपुत्र दुसऱ्याच दिवशी गेला. गुंडाने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"सर, तुमी वागळांचं सांगा, मी ऐकतो. आत्या आजारी न्हाय. देवाची हाय ती. सुई टोचून काय झालं तर वस्ती मला उभं करायची न्हाय."

"देवाची असली म्हणून पाय जायला पायजेत का?" सोनम म्हणाली. ती चुलीपाशी होती आणि तिने वळून पाहिलं नव्हतं. "गेल्या महिन्यात तीनदा पडल्या. परवा निखाऱ्यावर पाय ठिवला. कातडं जळाल्याचा वास आला तवा मी वढलं. त्यांना कळलंच न्हाय."

गुंडा उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाला, "तिलाच इचारा. ती व्हय म्हणली तर माझं काय न्हाय."

मायाक्का चिंचेखाली बसली होती. तिच्या आजूबाजूला सात-आठ वाघळं जमिनीवर पडून होती. एक तिच्या पदरावर चढून बसलं होतं. शिवपुत्रने तिला वाघळाला हात लावू नका म्हणून सांगितलं आणि स्वतः हातमोजे घालून ते उचललं. ते लढलं नाही. त्याने फक्त मान वळवून मायाक्काकडे पाहिलं.

त्याने सोप्या शब्दांत सांगितलं. उंबरातल्या किड्यांमुळे काय मिळत होतं, ते कसं थांबलं, वाघळांचं काय झालं आणि तिचं काय होत आहे.

"म्हंजे काळीज रिकामंच निघालं," शेवटी ती म्हणाली.

"हो, आक्का."

"तुज्या त्या सुईत जीव हाय का? कुणाला मारून काढत्यात?"

"नाही. जंतू बनवतात ते, डोळ्यांना न दिसणारे. त्यांना टाक्यांत वाढवतात, त्यातून औषध गाळून घेतात. जनावर मारत नाहीत."

"जमिनीतलं न्हाय?"

शिवपुत्रने विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. "तसले जंतू मातीतही असतात," तो म्हणाला. "पण हे टाकीतले."

मायाक्काने ओढ्याकडे पाहिलं. "आदी ह्यास्नी दे," ती म्हणाली. "ही उडली तर मी हात पुढं करीन. लक्षीला उपाशी ठिवून मी कशी घिऊ?"

तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. शिवपुत्रने वनखात्यात फोन केला. सांगोल्याहून जनावरांचे एक डॉक्टर यायला तयार झाले. सोनम आणि वस्तीवरच्या चार बायका टेम्पोने माण नदीच्या काठाला गेल्या आणि तिथल्या उंबरांखालून सहा पोती भरून घेऊन आल्या. पिकलेली, फुटलेली, किड्यांनी वळवळणारी. शिवपुत्रने बजावलं होतं, एकही धुवायचं नाही. जमिनीवर पडलेल्या वाघळांसाठी देवळाच्या ओवरीत जाळीचे खण केले, आणि तो आणि डॉक्टर हातमोजे-मास्क घालून त्यांना फळाच्या रसातून थेंबाथेंबाने औषध पाजू लागले.

पहिल्या संध्याकाळी उंबरांच्या टोपल्या चिंचेच्या फांद्यांना बांधल्या. वस्ती जमली होती. सूर्य बुडाला तरी एकाही वाघळाने टोपलीकडे तोंड केलं नाही. अख्खं झाड गप्प होतं. मग शिवपुत्रच्या लक्षात आलं की वर लटकलेली सगळी वाघळं एकाच बाजूला बघत आहेत. शेकडो लहान तोंडं, शेकडो तांबूस डोळे, आणि सगळे मायाक्काकडे वळलेले. गुंडाने शिवपुत्रचा दंड धरला.

मायाक्का उठली. आपटत आपटत टोपलीपर्यंत गेली. एक उंबर घेतलं, फोडलं, आत एकदा पाहिलं. पाच वर्षांनी ती उंबर हातात धरत होती. या वेळी तिने फुंकर मारली नाही. तसंच तोंडात टाकलं. एक बारीक किडा तिच्या ओठावरून चालत गालावर गेला आणि तिने तो पुसला नाही.

तिने गिळलं तेव्हा झाडावर पहिली सळसळ झाली. मग सगळ्या फांद्या एकदम हलू लागल्या.

त्र्याऐंशी वाघळं ओवरीत आणली होती. त्यातली साठ मेली. पहिल्या चार दिवसांतच बेचाळीस. शिवपुत्रने त्यांना नोंदीसाठी क्रमांक दिले. रोज सकाळी मायाक्का येऊन मेलेल्यांपुढे बसायची आणि एकेकाला नुसतं "जा बाई" म्हणायची. अकराव्या दिवशी खणातलं एक मादी वाघूळ जाळीला उलटं लटकलेलं दिसलं. स्वतःच्या पायांनी. तेराव्या दिवशी संध्याकाळी जाळी उघडल्यावर ते उडालं, चिंचेला एक फेरी मारून नदीच्या दिशेने गेलं. त्या रात्री वाचलेल्या तेवीसमधली आणखी सहा उडाली.

मायाक्काने दुसऱ्या दिवशी सकाळी पदर सावरला आणि दंड पुढे केला.

आधी रक्त घेतलं. तपासणीवाल्याने अहवाल देण्याआधी सोनमला फोन करून विचारलं की पेशंट चालतो का, कारण एवढा कमी आकडा त्याने पाहिला नव्हता. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी एक दिवसाआड इंजेक्शन सुरू केलं. पाय पूर्ण यायचे नाहीत, उशीर झाला, असं त्यांनी आधीच सांगितलं. बाकी सुधारेल म्हणाले.

सुधारलं. दुसऱ्या आठवड्यात मायाक्का पहिल्यांदा रात्रभर झोपली. चेहऱ्याचा पिवळेपणा गेला. तिसऱ्या आठवड्यात रविवारी लोक ओढ्यावर जमले, तेव्हा तिने डोळे मिटून हात जोडले, थोडी हलली आणि तशीच उभी राहिली. लोक वाट बघत राहिले. ऊन कमी झालं, कुणाचं तरी मूल रडायला लागलं. शेवटी मायाक्काच डोळे उघडून म्हणाली, "जावा आता घरला. काय न्हाय हितं." पुढच्या रविवारी निम्मे लोक आले. त्यानंतर कुणी आलं नाही.

शिवपुत्रने आपला निबंध लिहायला घेतला. खाद्य, यकृत, मूत्रपिंड, तक्ते, आकडे, सगळं व्यवस्थित बसलं. एक गोष्ट बसेना. करंजओढ्याच्या चिंचेवर लटकणारी बहुतेक वाघळं तीन-चार वर्षांची, म्हणजे उंबरं तुटल्यानंतर जन्मलेली होती. दात पाहून वय त्यानेच ठरवलं होतं. त्यांनी ती झाडं कधी पाहिलीच नव्हती. मग हवेत कुठे फांदी होती हे त्यांना कसं कळत होतं? त्याने हा परिच्छेद चारदा लिहिला आणि चारदा काढला.

एप्रिलच्या शेवटी तो पुन्हा करंजओढ्याला गेला. चिंचेची झाडं रिकामी होती. आठ दिवसांपूर्वी एका पहाटे सगळी वाघळं उठून गेली, गुंडाने सांगितलं. नदीकाठाला गेली असतील. वस्तीत आता फार शांत वाटत होतं. गुंडा म्हणाला, कुणाला नीट झोप लागत नाही.

मायाक्का दारात काठी घेऊन बसली होती. त्या दिवशी तिची महिन्याची सुई होती आणि सोनम आरोग्य केंद्रातून औषध घेऊन आली होती. मायाक्काने शिवपुत्रला जवळ बसायला सांगितलं. ती आता नीट बोलत होती, वाक्यं तुटत नव्हती.

"तू माझं चांगलं केलंस," ती म्हणाली. "पाय जळला तर कळतंय आता. पर लक्षी बोलत न्हाय. एकवीस वर्सांनी बोलाय लागली हुती. वर्सभर बोलली. रोज."

मायाक्काने काठी बाजूला ठेवली.

"एक खरं सांग. मास्तर हायेस तू, खोटं बोलू नगंस. मी सुई बंद केली तर ती परत येईल का?"

सोनमचा हात सुईवर थांबला. शिवपुत्रला उत्तर माहीत होतं. त्याने ते मोजलं होतं, नऊ यकृतांत, चार वेळा.

"येईल कदाचित," तो म्हणाला. "पण पाय जातील. मग हात. मग माणसं ओळखू येणार नाहीत. तिचा आवाज आला तरी ती कोण हे तुम्हाला कळणार नाही."

"किती दिसांनी येईल?"

"आता साठा भरलाय. तीन वर्षं. चारही लागतील."

मायाक्का बोटांवर काहीतरी मोजत होती. स्वतःचं वय असेल. सोनमने तिच्याकडे पाहिलं आणि मग शिवपुत्रकडे. बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला, त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

"चार वर्सं," मायाक्का म्हणाली. "तवर मीच जाईन तिच्याकडं."

तिने बाही वर सारली. सोनमने कापसाने दंड पुसला. सुई आत गेली तेव्हा मायाक्काचा चेहरा जरा आवळला, आणि ती म्हणाली, "दुखतंय गं," आणि सोनम रडायला लागली.